मोडक्या कुलपाची पेटी, शिरूर ते दौंड

शिरूर आणि दौंड ही काही कुणी मुद्दाम फिरायला जावं अशी गावं नव्हेत. पुण्यात इतकी वर्षं काढूनही शिरूर म्हणजे नगरला जाताना चहाला थांबायची जागा आणि दौंड म्हणजे गाडी उगाचच उभी राहायची जागा, एवढीच माझी अक्कल. त्यात मी मूळचा चिपळूणचा. एप्रिलात देशावरच्या उन्हात फिरायचं नाव काढलं की माझी आई फोनवर ओरडते, "मेल्या, भाजून येशील!" तरी गेलो, भाजून आलो, आणि आल्यापासून कॉलेजात जो तो विचारतोय, "काय मग, कशी झाली ट्रिप?" ट्रिप कसली डोंबलाची! प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

गेलो होतो सुगतच्या मशिनसाठी, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरसाठी. सुगत आणि मी एकाच गाईडकडे पीएच.डी.ला होतो, एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायचो. तो दौंडचा. बोलका इतका, की गाईड दारातूनच म्हणायचे, "सुगत, श्वास घे." गेल्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली, त्यानं ती अंगावर काढली, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

मार्च संपता संपता त्याच्या बहिणीचा फोन आला. करुणाताई, शिरूरला दिलेल्या. "सर, दादाचं मशिन माझ्याकडं हाय. चालू होतंय, पण त्यातली रेकॉर्डिंग उघडत न्हाईत. कुलूप हाय म्हणतंय. आप्पा रोज इचारत्यात, काय सांगू?" आप्पा म्हणजे सुगतचे वडील. साखरेनं त्यांची नजर गेलेली, त्यामुळे फोटो आणि व्हिडिओ त्यांच्या काही कामाचे नाहीत. सुगत दौंडला गेला की मोबाईल मध्ये ठेवून बापलेक तासन्‌तास गप्पा मारायचे, आणि त्या सगळ्या गप्पा त्यानं मशिनवर भरून ठेवल्या होत्या. पोराचा आवाज ऐकायचा, एवढी एकच गोष्ट म्हाताऱ्याला हवी होती. आणि ते कुलूप कसलं आहे हे आता फक्त मलाच ठाऊक होतं.

ते कुलूप आमच्याच विषयातलं. थोडं सांगतो, कंटाळू नका. आमचा विषय आयसोजेनी. एका वक्ररेषेवरून दुसऱ्या वक्ररेषेवर जायच्या गणिती रस्त्याला आयसोजेनी म्हणतात. असे छोटे छोटे रस्ते एकापुढे एक जोडत लांबवर जायचं. निघालेलं गाव आणि पोचलेलं गाव जगाला दिसतं, मधली वाट फक्त तुम्हाला माहीत, आणि ती वाट हीच किल्ली. उद्या क्वांटम कॉम्प्युटर आले तरी ही वाट कुणाला सापडायची नाही, असं भलेभले मानत होते. अडचण एकच, हे चालणं फार धिमं. म्हणून ते आठ कोअरच्या, म्हणजे एकावेळी आठ हातांनी काम करणाऱ्या प्रोसेसरवर वाटून द्यायचं काम आम्ही घेतलं. आता, पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते मागचं पाऊल पडल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे पावलं काही वाटता येत नाहीत. पण प्रत्येक पावलाबरोबर बरेच बिंदू पुढच्या गावी न्यावे लागतात, ते सामान आठ जणांत वाटून घेता येतं. कुणी काय कधी उचलायचं, म्हणजे कुणी रिकामं बसणार नाही, याचं वेळापत्रक लावणं हा आमचा धंदा. सुगतनं त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. ऊसतोडीच्या टोळीवर असतो तसा हा आठ कोअरवरचा मुकादम, म्हणून त्याचं नावच त्यानं मुकादम ठेवलं होतं.

आणि मग एका पावसाळ्यात परदेशातल्या लोकांनी ते कुलूप मोडलं. जुन्या प्रोसेसरवर, एका कोअरवर, तासाभरात. एका कोअरवर हो! आम्ही आठांची मोट बांधत बसलो होतो. सगळ्या आयसोजेनी काही बुडाल्या नाहीत, नेमकी आमची बुडाली. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही. पुढे मी प्रबंधाला ठिगळं लावून डॉक्टर झालो. सुगतनं सोडून दिलं आणि कंपनीत नोकरी धरली.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात, की आपण घडवलेलं कुलूप आपल्याच घराला लावायचं नाही. सुगतनं नेमकं तेच केलं होतं. किल्ली पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह पँटच्या खिशात, आणि दवाखान्याच्या धावपळीत ती पँट कुठं गेली ते कुणालाच माहीत नाही. कुलूप मोडल्याची बातमी आली तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "घरचं आधी बदल बाबा. निदान उघडे ठेवलेले बिंदू तरी झाकून टाक." कारण मोडणाऱ्यांनी आत शिरायला वापरले होते ते हेच, वाटेत बरोबर नेलेले आणि जगाला दाखवलेले बिंदू. तो म्हणाला, "बदलतो की." पुढे विषय निघाला नाही. त्यानं बिंदू झाकले असतील, तर जगातलं कुणीही ती रेकॉर्डिंग उघडू शकणार नाही. झाकले नसतील, तर मी उघडू शकतो. मित्रानं आपलं ऐकलेलं नसू दे, असं मनात म्हणत मी शिरूरच्या एसटीत बसलो.

शिरूर

शिरूरला उतरलो तेव्हा ऊन असं होतं की डोळे उघडवेनात. आमच्याकडे उन्हाळ्यात घाम येतो, इथं घामसुद्धा येत नाही, यायच्या आधीच वाळतो. करुणाताई स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. रांजणगावच्या एका कंपनीत त्या लाईनवर आहेत, पहिली शिफ्ट करून तशाच आलेल्या, गळ्यात अजून कंपनीचं कार्ड.

"जय भीम, सर. लय तरास झाला का?"

"जय भीम. त्रास कसला, बस अर्धी रिकामी होती," मी म्हटलं. खोटं होतं. लोणीकंदपर्यंत उभा होतो.

पेटी टीव्हीशेजारी ठेवलेली होती. पेटीच म्हणायला हवं. सुगत बारावीनंतर वर्षभर पाबळच्या तांत्रिक शाळेत वेल्डिंग शिकला होता, आणि पुण्यात विकतचा डबा महाग वाटला म्हणून त्यानं लोखंडी अँगल आणि जाळी वेल्ड करून मशिनचा सांगाडा स्वतःच बनवला होता. वजन असं की दोघांनी उचलावं. आम्ही त्याला चिडवायचो, "ह्यात कॉम्प्युटर आहे की कोंबड्या?" करुणाताईंनी त्यावर क्रोशाचं आच्छादन घातलं होतं आणि रोज पुसत असल्यामुळे जाळीवर धुळीचा कण नव्हता. ते आच्छादन मी घडी करून बाजूला ठेवलं.

मशिन चालू केलं. जाहीर किल्ली, म्हणजे जगाला दिसणारी ती दोन गावं, होती, कुलूपबंद फाईली होत्या, मुकादमही होता. बिंदू झाकलेत की उघडे आहेत, ते मात्र नुसतं बघून कळत नाही. कुलूप मोडणाऱ्यांचाच हल्ला चालवायचा, लागला तर लागला. शिवाय सुगतनं सगळ्यांत मोठ्या मापाचं कुलूप घेतलं होतं, म्हणजे एका तासाचं काम नव्हतंच.

"मी हे पुण्याला नेतो, चार दिवसांत—" मी सुरुवात केली.

"पेटी पुण्याला जायची न्हाई," करुणाताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण बोलणं तिथंच संपलं. जरा वेळानं त्यांनीच समजावलं, "राग धरू नका, सर. पुण्याला गेलेलं आमचं एक परत आलं न्हाई. आप्पा म्हणत्यात, काय करायचं ते माझ्यासमोर करा."

रात्री जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचं कालवण आणि मिरचीचा खर्डा. आमच्याकडे पाहुणा आला की भात वाढत राहतात, इथं भाकरी मोडून कालवणात कुस्करायला शिकवतात. मला ते जमेना, भाकरीचे तुकडे ताटभर झाले. करुणाताईंचे यजमान मान खाली घालून हसू दाबत होते. मग त्या म्हणाल्या, "दादा पण पुण्यास्नं आला की असंच करायचा, चमचा मागायचा," आणि कुणीच हसेना.

न्हावरे, पारगाव, चौफुला

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी गोधडीत गुंडाळून आम्ही दौंडच्या गाडीत चढवली. कंडक्टर बघतच राहिला.

"ओ ताई, ह्यात हाय तरी काय? बकरं न्हाई ना?"

"भावाचं मशिन हाय."

"मग भावाला घ्यायचं की संगं! आम्हालाच हमाली व्हय?"

करुणाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "भाऊ न्हाई आता." कंडक्टरनं जीभ चावली. तो आपल्या सीटवरून उठला, पेटी तिथं सरकवून घेतली आणि पुढचा सगळा रस्ता दांडीला धरून उभा राहिला. मीही उठायला हवं होतं, पण गुडघे ऐकत नाहीत.

न्हावऱ्यापर्यंत दोन्हीकडे कांद्याच्या ऐरणी, म्हणजे पाचटानं झाकलेले ढीग, आणि करपलेली कुरणं. पुढे ऊस लागला. पारगावला भीमेचा पूल येतो. नदी बघायला मी मान लांब केली, तर पाणी दिसेचना, हिरवीगार जलपर्णी काठापासून काठापर्यंत. लांबून कुरण वाटावं. आमची वाशिष्ठी काही फार सोवळी नाही, पण निदान वाहताना दिसते. नदी अशी झाकलेली बघून माझं मन उगाचच झाकलेल्या बिंदूंवर गेलं.

पुलापुढे थोडं गेल्यावर गाडी पंक्चर झाली. नेमकी एका गुऱ्हाळासमोर. ह्या भागात पावलापावलाला गुऱ्हाळं आहेत, सगळीकडे तो गोड, करपट धूर. पेटी उन्हात तापायला नको म्हणून आम्ही दोघांनी ती उचलून गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली नेली. काम करणारी माणसं उत्तर प्रदेशातली. एकानं कढईतला गरम गूळ उसाच्या पाचटावर काढून माझ्यापुढे धरला. "सँभाल के, भैया, गरम है." जीभ भाजली, पण तसा गूळ मी जन्मात खाल्ला नव्हता. त्यानं पेटीकडे बोट दाखवलं. "इसमें क्या है?"

करुणाताईंना हिंदी कंपनीत बोलून सवयीची. "भाई का आवाज है," त्या म्हणाल्या.

"तो फिर आँच से दूर रखो," तो म्हणाला, आणि दुसऱ्या एकाला हाक मारून पेटी चुलाणापासून लांब, पाण्याच्या टाकीजवळ नेऊन ठेवली. गाडीचं चाक बदलेपर्यंत मी तिथं बसून होतो. तिथल्या कामावर माझी नजर सवयीनं जात होती. एक रस गाळतोय, एक मळी काढतोय, एक जाळ घालतोय, आणि कढई उतरायची वेळ आली की सगळे हातातलं टाकून धावतात. सुगत असता तर लगेच सुरू झाला असता, बघ, ह्याला म्हणतात वेळापत्रक, तुझ्या कागदावरच्या वेळापत्रकापेक्षा बरं. मला त्याची एवढी आठवण आली की मी उठून उगाचच चाकापाशी गेलो.

वरवंड, कुरकुंभ

वरवंडला चहा झाला. तिथून सोलापूर रस्त्यानं कुरकुंभ आलं ते आधी नाकाला कळलं. केमिकल कंपन्यांचा आंबट, औषधी वास. रस्त्याकडेला शिफ्टच्या बसची वाट बघत पोरं उभी होती, हातात डबे. करुणाताई म्हणाल्या, "बारावी झाल्यावर दादाला हितं काम लागत होतं. आप्पा नको म्हणाले. म्हणाले, ह्या वासात नको, शीक." जरा थांबून म्हणाल्या, "आता म्हणत्यात, हितं असता तर जवळ तरी असता." मी खिडकीची काच ओढून घेतली.

दौंड

दौंडात शिरायचं म्हणजे कुरकुंभ मोरी. वरून रेल्वे, खालून सगळं गाव. एसटीतून उतरून रिक्षा केली, ती तिथं अडकली ती अडकलीच, पेटी माझ्या मांडीवर, मांड्या सुन्न. मोरीतून बाहेर पडलो आणि वस्तीत आलो. जयंती होऊन थोडेच दिवस झाले होते, निळ्या पताका अजून गल्लीभर होत्या. फक्त आप्पांच्या दारापुढं एकही नव्हती. पोरांनी विचारलं होतं म्हणे, आप्पा म्हणाले, "औंदा राहू द्या."

आप्पा खाटेवर ताठ बसलेले. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली सुगतचा फोटो, कंपनीच्या कार्डावरचाच मोठा केलेला. मी जय भीम म्हटलं. त्यांनी आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला, माझा हात धरला आणि सोडलाच नाही. "तुम्ही त्याच्या पाठीला पाठ लावून बसायचा न्हवं?" म्हणाले. "त्यो सांगायचा." मग पेटीवरून हात फिरवला, अँगलचे जोड चाचपले. "डाग बरं टाकल्यात पोरानं. घासून न्हाई घेतलं." वेल्डिंगच्या त्या खरबरीत गाठीवर त्यांचं बोट कितीतरी वेळ होतं.

मी समजावून सांगितलं. पहिल्या टप्प्यात वाटेच्या सुरुवातीचे खूप अंदाज करायचे आणि प्रत्येक पडताळायचा. हे अंदाज एकमेकांपासून सुटे, आठ कोअरना वाटून देता येतात. त्यातला एकही लागला नाही, तर समजायचं की सुगतनं बिंदू झाकलेत, आणि मी परत जायचं. एक जरी लागला, तर पुढची वाट एकेक पाऊल उलगडत जाते.

"आन् वाटून कोण देणार?"

"सुगतचाच मुकादम."

आप्पा हसले. तेवढंच, त्या मुक्कामात. "म्हंजी त्याचंच कुलूप, त्यानंच फोडायचं."

संध्याकाळी चालू केलं. सकाळपर्यंत एकही अंदाज लागला नव्हता. दिवस वर आला तशी खोली तापली आणि पेटीही तापली. आठही कोअर एकदम पळायला लागले की प्रोसेसर गरम होतो, आणि गरम झाला की आपला वेग आपणच उतरवतो. दहाच्या सुमाराला आठ जण मिळून चौघांचं काम करत होते. मी स्क्रीनकडे बघून चरफडत होतो. आप्पांनी विचारलं, "काय झालं?" सांगितलं. ते उठले, चाचपत कूलरपाशी गेले, आणि तो आपल्या खाटेवरून वळवून पेटीकडे केला. मी नको नको म्हटलं. "गप बसा, सर. मी रेल्वेत काढल्यात वर्षं, उन्हाचं मला काय सांगता." करुणाताई ओलं फडकं आणून त्यांच्या डोक्यावर ठेवत होत्या आणि मी मान वर करायचं टाळत होतो.

वेळ जावा म्हणून त्यांनी त्यांच्या कामाचं सांगितलं. ते दौंड स्टेशनात शंटिंगला होते. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी इथं आली की इंजिन एका टोकानं सोडायचं, फिरवून दुसऱ्या टोकाला जोडायचं, मग गाडी उलटी निघते. गाडी दौंडला उगाच उभी राहते असं मी इतकी वर्षं समजत होतो. "आता कॉर्ड लाईन झाली," ते म्हणाले, "निम्म्या गाड्या गावात येतच न्हाईत. भाईरनं जात्यात."

दुपारी वीज गेली. मी कपाळावर हात मारला. करुणाताई रडवेल्या झाल्या. "सगळं गेलं का, सर?" तेव्हा मला आठवलं. मुकादमाला प्रत्येक टप्प्यावर सगळं लिहून ठेवायची सवय सुगतनं लावली होती. त्यानं वेग कमी व्हायचा, म्हणून मी त्याच्याशी भांडायचो. तो म्हणायचा, "तू चिपळूणचा, तुला दौंडची लाईट माहीत न्हाई." वीज आली, पेटी चालू केली, आणि मुकादम थांबला होता तिथून पुढे निघाला.

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा स्क्रीनवर एक ओळ उमटली. एक अंदाज लागला होता. मी दोनदा वाचलं. मग तोंडातून निघून गेलं, "नाही बदललं रे! ऐकलं नाहीस माझं!" आणि मला रडूच कोसळलं. करुणाताई घाबरल्या. मी नुसती मान हलवत होतो, लागलं, लागलं.

मग पावलं पडत गेली. प्रत्येक पावलाला थोडेच पर्याय, त्यामुळे तीनचार कोअर पळायचे आणि बाकीचे बसून. आप्पा मधून मधून विचारायचे, "आता किती बसल्यात?" "पाच जण." "का?" "बाकीच्यांचं होईपर्यंत पुढे जाता येत नाही." "बरोबर हाय," ते म्हणायचे, "लाईन मिळाल्याबिगर गाडी कशी सुटंल?" दिवेलागणीला वाट पुरी झाली. किल्ली हातात आली, फाईली उघडल्या. बऱ्याच होत्या.

मी पहिली लावली. करुणाताई आप्पांच्या खाटेपाशी जमिनीवर बसल्या. आप्पांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

आवाज आला तो आप्पांचा. भरती झाले तेव्हाचं सांगत होते, पहिली वर्दी, पहिला मुकादम. खाटेवरचे आप्पा म्हणाले, "हा मी हाय." वाट बघितली. मशिनमधले आप्पा बोलतच होते. बऱ्याच वेळानं मध्येच बारीकसा सुगत आला, "हं." तेवढंच. परत आप्पा. परत कितीतरी वेळानं, "मग?"

मी दुसरी लावली. तीच तऱ्हा. तिसरी, चौथी. मी पुढेमागे सरकवत राहिलो. आमच्या खोलीत ज्याचं तोंड मिटत नव्हतं, तो बापासमोर बसून एक शब्द बोलला नव्हता. ऐकत होता. सगळ्या रेकॉर्डिंगभर आप्पा, आप्पा, आप्पा, आणि मध्ये कुठंतरी, हं. मग?

"दादा, बोल की रे!" करुणाताई मशिनवरच ओरडल्या, आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागल्या.

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. "आप्पा, एवढंच आहे ह्यात," मी म्हटलं. "माफ करा. त्याचं बोलणं नाहीच."

आप्पांनी हात वर करून मला थांबवलं. मग म्हणाले, "शेवटची लावा. अगदी शेवटची."

लावली. पावसाळ्याच्या आधीची होती. आप्पा शंटिंगचं सांगत होते, मला दुपारी सांगितलं तेच. "...आन् इंजिन सुटलं की डबं गप हुबं ऱ्हात्यात. आतल्या माणसाला वाटतं, झालं, गाडी मेली." थोडी शांतता. सुगतचा आवाज, अगदी जवळून, मोबाईल त्याच्याकडे असणार, "मग?" तेवढ्यात आतून कुणीतरी जेवायला हाक मारली आणि रेकॉर्डिंग संपलं.

आप्पा खाटेवरून पुढे वाकले, पेटीच्या जाळीजवळ तोंड नेलं.

"मग काय, बाळा," ते म्हणाले, "मग आपुन दुसऱ्या टोकाला जायचं. कंदील घेऊन. इंजिन मागनं येतं, त्याला दमानं बोलवायचं. धक्का बसतो, डबं हालत्यात, तवा आतल्याला कळतं, जिती हाय." ते थांबले. मान किंचित तिरकी करून, नेहमी थांबत असतील तसे.

करुणाताईंनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "हं."

त्यांनी आवाज ओळखला असणार, न ओळखायला ते काय बहिरे नव्हते. पण जाळीवरचं तोंड त्यांनी हलवलं नाही. "मग कपलिंग टाकायचं," ते म्हणाले, आणि पुढे सांगत राहिले.